महानंदाचा सब्जेक्ट

महानंदा चाळिशीत मानसशास्त्र शिकायला बसली ती कुणाचं भलं करायला नव्हे. लोक कौतुक करत, या वयात काय जिद्द आहे बाईची, अन् ती मनात म्हणायची, जिद्द कसली डोंबलाची, निस्ता जळफळाट हाय.

जळफळाट नरसिंगवर. तिचा नवरा, हदगावचा. पोटातलं लेकरू गेलं तेव्हा महानंदा रडली, चांगली महिनाभर रडली. अशा वेळी माणूस जवळ बसतो. ह्या गड्यानं गावभर केलं की बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय. लिंबं उतरवली, धुरी दिली, अन् शेवटी मुरुडला माहेरी आणून सोडली. जाताना तिथंही तेच सांगून गेला. तेव्हापासून तिनं जरा आवाज चढवला की भावजय लेकरं आत घ्यायची. शहाण्यासारखं वागलं तरी लोक म्हणायचे, आज बरी दिसते.

लातूरला एम.ए.च्या प्रॅक्टिकल परीक्षेला प्रत्येकानं आपला सब्जेक्ट आणायचा असतो, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. बाकीच्या पोरींनी मैत्रिणी आणल्या. महानंदानं नरसिंगला फोन लावला. दुसरं लग्न करायचं म्हणून त्याला सोडचिठ्ठी हवी होती, अन् त्यासाठी ही येडी असल्याचा दाखला हवा होता.

"कॉलेजात डोकं तपासायचं हाय. बाहेरून मॅडम येणार हायत. तुमी या."

यातलं काहीच खोटं नव्हतं. कुणाचं डोकं, हे त्यानं इचारलंच न्हाई.

कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. "आधी तुमचं, मग माझं," म्हणत तिनं त्याला खुर्चीत बसवलं. समोर आरसा, हात पडद्याआड. कागदावरची चांदणी फक्त आरशात बघून पेन्सिलीनं गिरवायची. वाटतं पोरखेळ, पण पेन्सिल वर न्यायला जावं तर ती खाली पळते. कलेक्टर बसला तरी हेच होतं.

नरसिंगची रेघ बाहेर गेली. परत धरली, परत गेली. तो दात खाऊन ओढू लागला तशी पेन्सिल एकाच कोपऱ्यात घुटमळायला लागली. सदरा घामानं पाठीला चिकटला.

"हात ऐकूनच नाही राहिला," तो म्हणाला.

"कधीपासून होतंय असं?" महानंदानं अगदी मायेनं विचारलं. "झोप लागती का रात्रीची? घराण्यात कुणाला होतं का?"

त्याचा चेहरा उतरला. इकडंतिकडं बघत तो हळूच म्हणाला, "महानंदा, हदगावात कुणाला सांगू नगंस."

"मी कशाला सांगू? लिंबू उतरवून बघा."

दाखल्याचं नावसुद्धा न काढता तो उठून गेला. जिन्यावरही स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता. महानंदाला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

प्रयोग संपला की सब्जेक्टला सांगायचं असतं, घाबरू नका, सगळ्यांचंच असं होतं. त्याला मार्क असतात. बाहेरून आलेल्या परीक्षक सौदामिनी मॅडम टेबलापाशी आल्या.

"तुमचे सब्जेक्ट गेले का? त्यांना समजावून सांगितलंत ना?"

"न्हाई."

"अहो, ते घाबरलेले दिसत होते. अजून फाटकापाशीच असतील. जाऊन सांगा, मी थांबते."

महानंदानं चांदणीचा कागद नीट घडी करून त्यांच्यापुढं ठेवला अन् खुर्ची ओढून बसली.

"मार्क कापा, मॅडम."