सर्वत्र उपलब्ध

श्रीपादरावांनी तांदळाचा दाणा पुढच्या दातांत धरून फोडला, तुकडे तळहातावर घेऊन चष्म्याजवळ नेले आणि मान हलवली.

"भैय्यालाल, ये पसहर नहीं है."

कमरछठच्या आदल्या दिवशी त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लाह्या, महुआची सुकी फुलं, पळसाची पानं यांचे ढीग पार पायरीपर्यंत आले होते. भैय्यालालने पाकीट उलटं करून दाखवलं.

"सर, लिखा तो है. शुद्ध पसहर."

"खेत का चावल है. बिना जोती ज़मीन का चाहिए."

"तालाब कहाँ बचे, सर? अब तो पसहर की भी खेती होती है."

"फिर व्रत का क्या मतलब हुआ? हल की जोती चीज़ नहीं खाना है, यही तो नियम है."

"हल कौन चलाता है आजकल? ट्रैक्टर से जोतते हैं. नियम में ट्रैक्टर थोड़ी लिखा है."

मागच्या बायका हसल्या. श्रीपादरावांना या युक्तिवादात खोट काढता येईना. याहून पातळ युक्तिवादांवर एक अख्खी राजधानी उभी राहिलेली त्यांनी पाहिली होती. ते पाकीट परत ठेवून बाहेर आले.

कमरछठ हा खरं तर इकडच्या आयांचा उपास. लेकरांच्या आयुष्यासाठी धरायचा, आणि त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही. म्हणून पसहर. तलावाच्या उथळ पाण्यात आपोआप उगवणारं, लाल दाण्याचं, लांब कुसळाचं रानभात. श्रीपादरावांच्या घाटे घराण्यात हा उपास नव्हता. भोसल्यांच्या काळात रायपूरला आलेलं घराणं असूनही त्यांनी दोनशे वर्षं तो लांबूनच पाहिला. मूर्तिजापूरहून लग्न होऊन आलेल्या इंदूबाईंची दोन बाळंतपणं अर्ध्यावर राहिली, तेव्हा दारावर भाजी आणणाऱ्या मीराबाईने त्यांना तो सांगितला. पुढच्या वर्षी शिशिर झाला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या श्रीपादरावांनी या दोन घटनांचा संबंध लावला नाही. उपास बंद करा, असंही ते म्हणाले नाहीत.

यंदा शिशिरची बायको ज्ञानदा हिला पाचवा महिना होता. गेल्या वर्षी चौथ्यात सगळं संपलं होतं. त्यामुळे तांदळाच्या बाबतीत इंदूबाई कुणाचंही ऐकायला तयार नव्हत्या.

चौबे कॉलोनीतल्या घरी ते पोचले तेव्हा मीराबाई व्हरांड्यात चहा पीत बसली होती. अंगात बागेतल्या सफाईवाल्यांचं हिरवं जाकीट होतं. समोर रिकामी पिशवी होती.

"ए साल नइ मिलिस, सर," ती म्हणाली. "एक ठन डबरा बाँचे रिहिस, ओहू ला पाट दिन."

उरलेलं एक डबकंही बुजवलं होतं. मीराबाईचं गाव पचरीडीह. नव्या राजधानीच्या हद्दीत गेलं तेव्हा तिथला बंधवा तरिया हा मोठा तलाव आधी अर्धा बुजला, मग पुरता. आता तिथे बाग आहे. बागेत सिमेंटचा रानरेडा आहे, कारण तो राज्यपशू. त्याच्या शेजारच्या सिमेंटच्या फांदीवर सिमेंटची पहाडी मैना आहे, कारण ती राज्यपक्षी. दोघांना दर दिवाळीला रंग लावतात, त्यामुळे त्यांच्या प्रकृतीची काळजी नाही. मीराबाई त्यांच्याभोवती झाडते. तलाव गेल्यावरही ती इकडचे तिकडचे डबरे शोधून दरवर्षी वाटीभर पसहर आणायची. गेल्या कार्तिकात शेवटच्या डबऱ्यावर पार्किंगच्या फरशा बसल्या.

"दुकानात भेटला काय?" इंदूबाईंनी विचारलं.

"पाकिटातला आहे. खरा नाही."

"मग तुम्हीच शोधा आता. तुम्हीच लिहिलं होतं नं, सगळीकडे भेटते म्हणून."

श्रीपादरावांनी चपला काढण्यात बराच वेळ लावला.

"काय पाहून राहिले तसे? मीच तर फेअर केलं होतं. तुमचं अक्षर कोणाले लागते? 'साधारण खरपतवार. सर्वत्र उपलब्ध.' माझ्या अक्षरात आहे ते."

मीराबाई चहाच्या कपात पाहत राहिली. तिला अहवाल माहीत नव्हता. पण नवराबायकोतलं काही चाललंय एवढं कळायला अहवाल लागत नाही.

राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. नव्या राजधानीच्या कामासाठी बंधवा तरियात काय काय उगवतं याची यादी करायचं काम श्रीपादरावांकडे आलं होतं. सरकारी जीपमधून ते चार दिवस फिरले, गुडघाभर पाण्यात उतरले आणि एकशे बारा नावांची यादी घेऊन परतले. फाइल पाहणारा साहेब चांगला माणूस होता. तो म्हणाला, सर, घास-फूस भी लिखेंगे तो फाइल मोटी हो जाएगी, पढ़ेगा कौन? तेव्हा श्रीपादरावांनी पसहर तणांच्या रकान्यात टाकलं आणि शेरा लिहिला. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या वर्षी ते खरोखरच सगळीकडे होतं. फाइल पातळ झाली आणि भराभर पुढे गेली.

दुपारी जेवून ते कॉलेजात गेले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. प्रयोगशाळेचा परिचर धर्मपाल स्टुलावर डुलक्या घेत होता, तो उठून उभा राहिला.

"अरे सर! पहला लेक्चर लेने आए क्या? मोथा लाऊँ?"

श्रीपादराव पहिल्या वर्षाचा पहिला तास मोथ्यावरच घ्यायचे. प्रत्येक पोराच्या हातात मैदानातली एक काडी द्यायची आणि डोळे मिटून ती बोटांत फिरवायला सांगायची. गोल लागली तर गवताचं कूळ. गहू, भात, सगळं त्यात. तीन कडा लागल्या तर मोथा, भाताशी नातं नसलेलं तण. तीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिलेलं त्यांचं वनस्पतिशास्त्र बहुधा एवढंच.

"नमुनों की अलमारी खोल दे, भाई."

कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला. तिसऱ्या फळीवर मागे ती बरणी होती. मेणाने बंद केलेली. चिठ्ठीवर त्यांचंच न लागणारं अक्षर: पचरीडीह, बंधवा तरिया. आत जेमतेम दोन मुठी दाणे, टरफलासकट, काळ्या कुसळांसकट. अठरा वर्षांत त्या बरणीसाठी कुणी कपाट उघडल्याची नोंद नव्हती.

"ले जा रहे हैं?" धर्मपालने विचारलं.

"घर में ज़रूरत है."

"तो रजिस्टर में चढ़ा दीजिए. लिख दीजिए, कीड़ा लग गया. सब वही लिखते हैं."

श्रीपादरावांनी रजिस्टर ओढलं. नमुना क्रमांक लिहिला. शेवटच्या रकान्यात 'नष्ट' लिहिलं आणि सही केली. धर्मपालने शाई वाळावी म्हणून पानावर फुंकर मारली.

घरी आल्यावर त्यांनी बरणी इंदूबाईंच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी मेण सुरीने खरवडलं, दाणे सुपात ओतले आणि एकेक कुसळ सरळ करत बराच वेळ बसून राहिल्या.

"हे आपल्या मीराबाईच्या तलावातलं?"

"हो."

"अजून आहे काय तिथं, कॉलेजात?"

"नाही. एवढंच."

"बरं," इंदूबाई म्हणाल्या. "कुटते मी सकाळी."

घरातल्या मराठी पंचांगात दुसऱ्या दिवशी श्रावण वद्य षष्ठी होती. गल्लीत मात्र उत्तरेकडच्या हिशोबाने भादो, म्हणजे भाद्रपद, लागून सहा दिवस झाले होते. दुपारी आठ-नऊ बायका अंगणात जमल्या. अंगण फरशीचं. पण मधल्या दोन फरशा इंदूबाईंनी घर बांधतानाच सिमेंट न लावता ठेवायला सांगितल्या होत्या. त्या उचलायच्या, हातभर खड्डा खणायचा, पाणी भरायचं, काठाला काश गवताचे तुरे आणि पळसाची फांदी खोचायची की सगरी तयार. सगरी म्हणजे पूजेपुरता तलाव. मागल्या गल्लीतल्या अपार्टमेंटच्या बायका प्लास्टिकच्या टबात सगरी करायच्या, त्या आता इकडे येऊ लागल्या होत्या. मातीचा तलाव म्हणून त्यांना इथलं विशेष वाटायचं. शहरातले तलाव बुजवणाऱ्या खात्यातल्या एका अधिकाऱ्याची बायकोही दरवर्षी न चुकता येऊन या खड्ड्याला हात जोडायची. श्रीपादराव व्हरांड्यात पेपर धरून बसले होते. पेपर कालचा होता.

कहाणी झाली. लाह्या-महुआ पाण्यात पडले. मग प्रत्येकीने पांढऱ्या मातीत भिजवलेला कापडाचा तुकडा आपापल्या लेकराच्या पाठीवर सहा वेळा हळूच मारला. शिशिर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. इंदूबाईंनी फोन उलटा केला आणि त्याच्या पाठीवर सहा वेळा मारलं.

"आई, कॅमेरा!" फोनमधून आवाज आला. "काही दिसत नाहीये."

"तुले नाही पाहायचं. पाठ कर. आता ज्ञानदाकडे दे."

ज्ञानदासाठी आणखी सहा वेळा झालं. मग जरा थांबून, आणखी सहा वेळा.

बायका गेल्यावर इंदूबाई पळसाच्या पानावर जेवायला बसल्या. सहा भाज्या होत्या, म्हशीचं दही होतं. श्रीपादरावांनी पानाकडे पाहिलं.

"भात?"

"नाही शिजवला."

"काहून? खराब निघाला काय?"

"नाही. दोन दाणे सोलून पाह्यले. लालबुंद आहे." त्यांनी भाजीत दही कालवलं. "सगरीत टाकला."

"सगळा?"

"हव. सगळा. मी खाल्ला असता तर माझं यंदाचं भागलं असतं. पुढच्या वर्षी ज्ञानदाच्या मांडीवर लेकरू असन, तिले उपास धरा लागन. ती काय खाईन? भैय्यालालचं पाकीट?"

श्रीपादराव शेजारच्या खुर्चीवर बसले. अठरा वर्षं. मे महिन्यात कॉलेजातल्या पत्र्याखालच्या त्या खोलीत पंचेचाळीस अंश. रानभाताच्या बियाण्याची उगवणशक्ती हा त्यांचा परीक्षेतला आवडता प्रश्न होता. पाच गुणांचा. उत्तर शून्य यायचं.

"किती दिवसांत उगवते हे?" इंदूबाईंनी विचारलं.

"आठ-दहा दिवस."

बियाणं ताजं असतं तर हे उत्तर बरोबर होतं.

"मग उद्या फरशा नका बसवू."

दरवर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा बुजवून फरशा बसवणं हे श्रीपादरावांचं काम होतं. त्या सकाळी त्यांनी फरशा धुतल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. पाणी जिरलं होतं, म्हणून दोन बादल्या ओतल्या. तिसऱ्या दिवशीही ओतल्या. शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारलं, घाटे साहब, मच्छर होंगे. ते म्हणाले, होंगे. पाचव्या दिवशी त्यांनी काठाची माती खुरप्याने मोकळी केली. आपण हे का करून राहिलो, हा प्रश्न त्यांना पडला होता. पण पाणी घालायची वेळ सकाळची होती आणि प्रश्न पडायचा तो दुपारी, त्यामुळे दोघांची गाठ पडत नव्हती.

नवव्या दिवशी ते दाढी करत असताना अंगणातून हाक आली.

"अहो! लवकर या इकडं!"

इंदूबाई फोन हातात धरून सगरीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. काठाशी चिखलातून दोन बोटं उंचीचं हिरवंगार पातं वर आलं होतं. चकचकीत, ताठ. शेजारी आणखी एक डोकं काढत होतं.

"आलं पाहा! ज्ञानदाला लावते फोन. हेच नं हे?"

श्रीपादरावांच्या गालावर अजून फेस होता. ते गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. पात्याचं बूड अंगठा आणि तर्जनीत धरून त्यांनी ते हलकेच फिरवलं. सवयीने डोळे मिटले. एक कड. दुसरी. तिसरी.

फोनवर रिंग जात होती.

"अहो, बोला नं. हेच नं?"

"हेच," श्रीपादराव म्हणाले.

फोनवर ज्ञानदाचा झोपाळू आवाज आला. इंदूबाई पात्याजवळ कॅमेरा नेऊन सांगू लागल्या, की नीट पाह्य, हे आता कुठेच भेटत नाही. श्रीपादराव उठले. भिंतीला टेकवलेल्या दोन फरशा त्यांनी एकेक करून मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि येताना पाण्याची बादली घेऊन आले.