पोटरीवरची रेघ

कपाटाच्या आरशाकडे पाठ करून कमलाकर स्वतःची पोटरी पाहण्याची धडपड करत होते, आणि डोक्यात घोळत होतं ते शशिकलाताईचं पत्र. बायको, कुमुद, गेली तेव्हा ताईने चिपळूणहून लिहिलं होतं, ‘मी येऊ का रे सोबतीला?’ ताईला फोनवर ऐकू येत नाही; उत्तर लिहायलाच हवं होतं. ‘ये’ म्हणावं तर थकलेल्या बहिणीवर आपला भार, ‘नको’ म्हणावं तर तिच्या मनाला लागायचं. दोन्ही कागद लिहून फाडले. वर्ष उलटलं.

आरशात पोटरी लालभडक, तुकतुकीत दिसत होती. रेघ मात्र दिसत नव्हती.

आदल्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून दिली होती. लाली रेघेबाहेर गेली तर गोळ्यांवर भागणार नाही, ॲडमिट व्हावं लागेल. कमलाकरांना हे कोणी सांगायला नको होतं. जन्मभर त्यांनी मेडिकल कॉलेजात जीवाणूच शिकवले होते. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या, तिथूनच स्ट्रेप्टोकोकस आत शिरला असणार, हे त्यांनी कधीच ताडलं होतं. आणि तरीही सकाळी अंघोळीला त्यांनी जंतुनाशक साबणाने पाय खसाखसा घासला. जंतू कातडीच्या आत होते. धुतली गेली ती रेघ.

लंगडत ते पुन्हा दवाखान्यात गेले. कालचे डॉक्टर सुट्टीवर होते. त्यांच्या जागी रेवा होती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

“सर, आतल्या जंतूंना बाहेरून साबण, हे मी पेपरात लिहिलं असतं तर मार्क दिले असते का?” ती हसली. मग पोटरीवर वाकून तिने विचारलं, “काल इतकंच होतं? घरात कोणी पाहिलं होतं?”

कमलाकरांनी चष्मा काढून पुसला.

“नाही. कोणी नाही.”

रेवाने नवी रेघ ओढली आणि बजावलं, आरशावर विसंबू नका, संध्याकाळी कोणाला तरी दाखवा. कातडीवर जंतूंची एवढी वस्ती असते की माणूस कधी एकटा नसतो, असा विनोद ते दरवर्षी वर्गात करत. तो आत्ता त्यांना आठवला आणि त्यांनी पायजम्याची घडी उगाच खाली ओढली.

संध्याकाळी समोरच्या दाराच्या बेलवरून त्यांचं बोट एकदा मागे आलं. गव्हाणहून लेकाकडे राहायला आलेल्या चंद्रावतीबाईंशी आजवर मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. काय हवंय ते सांगताना त्यांची जीभ अडखळली. बाई मात्र सरळ खाली बसल्या.

“पाय हाय का भोपला, काका?” त्यांनी मोबाईलचा उजेड धरला. “आतच हाय. रेघंच्या भायेर नाय गेलं.”

कमलाकरांनी भिंतीला हात टेकला.

“उद्या परत दावा. घरचं कोन नाय बगायला?”

“बहीण आहे. चिपळूणला.”

“मंग बोलवा ना तिला.”

त्या रोज पाहत राहिल्या. लाली रेघेपासून आत आत सरकत गेली. पायावर नीट भार देता आला त्या दिवशी कमलाकरांनी लिहिलं, ‘ताई, माझ्या पोटरीवर एक रेघ आहे. मला ती दिसत नाही. ये.’

टपालपेटीपाशी त्यांच्या लक्षात आलं, पत्र पोचेपर्यंत रेघ राहणारच नाही. लिफाफा फोडून तसं लिहावं का, म्हणून ते घुटमळले. मग त्यांनी तो तसाच आत सोडला, आणि पडल्याचा आवाज आला का, म्हणून पेटीपाशी कान देऊन उभे राहिले.