दोरीचा कंदील

म्हाताऱ्याने जन्मभर लोकांच्या विहिरी खणल्या आणि हातपाय थकल्यावर स्वतःच्या अंगणाखाली तळघर खणलं. लोक म्हणाले, याला खड्ड्याचंच वेड, दुसरं काय! पण त्या थंडगार तळघरात त्याने दोन पिंपं मांडली, मागच्या मळ्यातली द्राक्षं तुडवली, आणि पहिली वाईन निघाली ती इतकी आंबट, की थोरल्या मुलाने तोंड वाकडं करून विचारलं, "बाबा, ही प्यायची की हिने भांडी घासायची?" म्हातारा हसला नाही. पुढच्या वर्षी त्याच थोरल्याने आपणहून पेला पुढे केला, आणि मग गिऱ्हाईक दार विचारत यायला लागलं.

थोरली सून घरात आली ती याच सुमारास. सासऱ्याने तिला स्वयंपाकघराच्या आधी तळघर दाखवलं. रस आंबायला लागला, की म्हातारा कुणालाही सरळ खाली जाऊ देत नसे. पेटता कंदील दोरीला बांधायचा, जिन्याच्या कठड्यावरून सोडायचा, पार जमिनीला टेकवायचा. ज्योत राहिली तर माणूस उतरणार, विझली तर दारं उघडी टाकून थांबायचं.

"आंबणारा रस जड हवा सोडतो, पोरी," तो म्हणाला. "ती दिसत नाही. पाण्यासारखी तळाशी साचते. माणूस वाकला की संपला. आणि एक पडला तर दुसऱ्याने उतरायचं नाही. मग तो कुणी का असेना."

हे शेवटचं तिला फार निर्दयी वाटलं. असं कसं, घरचं माणूस समोर पडलंय आणि आपण बघत राहायचं? तिने तसं तोंडावर विचारलंही. म्हाताऱ्याने कंदिलाच्या दोरीची गाठ सोडवायला घेतली.

"आम्ही तिघे भाऊ," तो म्हणाला. "मधला विहीर खणताना अशाच हवेने पडला, त्याला काढायला थोरला उतरला. विहिरीने एकच नेला होता, दुसरा आम्ही दिला. मी पण निघालो होतो. आईने कमरेला मिठी मारून धरलं म्हणून आज आहे. आणि ती मरेपर्यंत मी तिच्याशी धड बोललो नाही."

म्हातारा गेला आणि धंद्याने बाळसं धरलं. धाकटा दीर सदा घोड्यावर बसलेला. त्याने तळघर वाढवलं, पिंपांच्या जागी छताला भिडणाऱ्या टाक्या आणल्या, फरशी घातली, मधोमध रस गोळा व्हायला खोलगट हौद केला. पाहुणे तळघर बघायला यायला लागले. कंदिलाची दोरी त्यांच्या पायात यायची, म्हणून थोरल्याने जिन्याच्या तोंडाशीच भिंतीत आकडा ठोकला, डोक्याच्याही वर, आणि कंदील तिथे टांगून टाकला. बापाची रीत मोडायची नव्हती ना! रोज सकाळी तो स्वतः कंदील पेटवायचा आणि मगच कामाला लागायचा. आता याला काय म्हणावं? रीत पाळली, तिच्यातला जीव तेवढा काढून घेतला.

"अहो, बाबा तो जमिनीला टेकवायचे," ती म्हणाली.

"अगं, जळतोय ना? जळतोय म्हणजे हवा चांगली. तू पण ना, उगाच किरकिर!"

पण तिच्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. घरची मांजर उकाड्यात खालच्या पायरीवर पसरायची, तिने जिना उतरणंच सोडलं. एकदा झाडताना हौदाच्या कडेला मेलेले उंदीर सापडले. दीर हसून म्हणाला, "बरं झालं वहिनी, औषधाचे पैसे वाचले!" सगळे हसले. तीही हसली.

त्या वर्षी द्राक्षं उदंड आली. सगळ्या टाक्या एकदम फसफसत होत्या. छताजवळचा, हवा बाहेर फेकणारा पंखा घरघर करतो, पाहुण्यांना बोलणं ऐकू येत नाही, म्हणून दिराने सकाळी तो बंद केला आणि चालू करायचं विसरला. दुपारी हौदाच्या तोंडाशी साली अडकल्या. "आलोच हात घालून," असं म्हणून थोरला खाली गेला.

तो येईना तेव्हा तिने जिन्याच्या दारातून हाक मारली. आकड्यावरचा कंदील छान जळत होता. त्याच्या उजेडात, खाली हौदाशी, नवरा पालथा पडलेला दिसला. एक हात अजून सालींमध्ये होता.

तिचा पाय पायरीवर पडलासुद्धा. तेवढ्यात मागून दीर धावत आला. तिने पाय मागे घेतला, दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली.

"वहिनी, उघडा! दादा पडलाय खाली!"

"पंखा लावा. तळघराच्या मागच्या झडपा उघडा. बंबाला फोन करा."

त्याने ते सगळं केलं आणि परत येऊन दारावर धडका द्यायला लागला. "मी श्वास धरून जातो! एका दमात ओढून आणतो!"

"तुमचे काकाही एका दमातच गेले होते, भावजी."

 दिराने तिच्यासमोर शपथ घेतली, आधी कंदील सोडून बघू, तोवर उतरणार नाही, तेव्हाच तिने कुलूप काढलं. आकड्यावरून कंदील उतरवला, अडगळीतली जुनी दोरी बांधली, कठड्यावरून सोडला. अर्ध्या जिन्यापर्यंत ज्योत ताठ होती. मग ती वाकली, निळसर झाली आणि गेली. तिने कंदील वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा गेली.

दीर जिन्याकडे झेपावला. तिने त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"सोडा! नवरा आहे ना तुमचा? दगड आहात का? दादाला काही झालं तर जन्मात तुमचं तोंड बघणार नाही मी!"

"नका बघू, भावजी," ती म्हणाली आणि मिठी आणखी घट्ट केली. "कंदील वर घ्या, पुन्हा काडी ओढा."