खानदानी दिल

बोर्डावरचा शब्द आम्रपालीनं स्वतः निवडला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या सुखदेव ट्रस्टच्या रुग्णालयात आनुवंशिक हृदयरोग केंद्र सुरू झालं, तेव्हा ट्रस्टी मोतीलालजी म्हणाले, "डॉक्टर साब, ये आनुवंशिक कौन पढ़ेगा? मेरे से ही नहीं पढ़ा जा रहा." मोतीलालजींच्या राईस मिल होत्या. त्यांना जे वाचता येत नाही ते जिल्ह्यात कुणालाच येत नसणार, असं धरून चालायची रुग्णालयात पद्धत होती. सोपा शब्द हवा होता. डॉ. आम्रपाली रंगारी तुमसरची, शिकली नागपूरला. तिच्या मराठी कानाला खानदानी म्हणजे घरंदाज, पाहुण्याला पाण्यासोबत गूळ देणारं, हळू बोलणारं. तिनं तोच शब्द सुचवला. पेंटर महागूनं एका दुपारी लालभडक अक्षरांत रंगवून टाकलं: 'खानदानी दिल के रोगों का दवाखाना'.

आता, ह्या मुलखात खानदानी दवाखाना म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. रस्त्याकडेला तंबू, तंबूत मर्दानगीच्या जडीबुटीच्या बाटल्या, मिशीवाल्या पहिलवानाचा फोटो, आणि मागच्या बाजूनं तोंडाला गमछा बांधून आत शिरणारे नवरदेव. महागूलाही ठाऊक होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि एवढी शिकलेली बाई म्हणते तर आजकाल हेही शिकवत असतील, असं त्यानं धरलं.

पहिल्या आठवड्यात आलेले सगळे पेशंट गमछावाले.

"छातीत दुखतं का?" आम्रपाली विचारी.

"छातीत नाही, मॅडम," आणि पेशंट छताच्या पंख्याकडे पाहू लागे.

एकजण मात्र 'दिल' वाचून आला होता. वारासिवनीच्या पोरीनं दुसरीकडे लग्न केलं म्हणून. त्याचा ईसीजी नॉर्मल निघाला तर त्याला तो अपमान वाटला. पुन्हा काढा म्हणाला.

आम्रपालीचं पद होतं 'क्लिनिकल लीड'. म्हणजे केंद्राचं वैद्यकीय नेतृत्व तिच्याकडे. नेतृत्व कुणाचं करायचं, तर गीता सिस्टरचं, तेही सकाळपुरतं. दुपारी गीता सिस्टर लसीकरणाला जात. ईसीजी मशीनला बारा लीड असतात, तेरावी लीड आम्रपाली, असं रुग्णालयातले लोक म्हणायचे. गीता सिस्टरच्या मते त्या बारा जास्त उपयोगाच्या होत्या, निदान एका जागी चिकटून तरी राहायच्या.

मग मंजू आली, आणि विनोद संपला.

मंजू किरनापुरकडच्या एका गावातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. बस पकडायला धावली की डोळे फिरवून पडायची. गावानं तिच्या अंगात देवी येते असं ठरवून टाकलं होतं. बाया नारळ आणू लागल्या होत्या, आणि बाप डोमाजीची त्याला फारशी हरकत नव्हती. तिच्या ईसीजीत आम्रपालीला पाहिजे नव्हतं तेच दिसलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जेवढा वेळ लागायला हवा, त्यापेक्षा कितीतरी जास्त लागत होता. असं हृदय एरवी गुमान चालतं. धावताना, पोहताना, घाबरल्यावर एखादे वेळी ठोक्यांचा गुंता होतो, आणि तो गुंता दरवेळी सुटतोच असं नाही. रक्त नागपूरच्या लॅबला गेलं. रिपोर्ट आला. दोष आई किंवा बापाकडून आलेला.

मंजूचा थोरला भाऊ अंकित दोन वर्षांपूर्वी वैनगंगेत बुडाला होता. गावात सगळ्यात चांगला पोहणारा तोच.

आम्रपालीनं आई-बापाला बोलावलं. डोमाजीचा ईसीजी नॉर्मल. सत्यभामाबाईचा मंजूसारखाच. डोमाजीनं कपाळावरचा घाम पुसला. "म्हंजे माह्याकडलं नाई ना?" खात्री होताच तो इतका हलका झाला, की संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं: रोग सासुरवाडीकडचा आहे.

सत्यभामाबाई तिथेच बसून राहिल्या. "म्हंजे अंकितले नदीनं नाई नेलं."

"मावशी, तुमचा काही दोष नाही त्यात. तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

"म्या देल्लं त्याले." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

दोघींना गोळ्या सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ, साधी, स्वस्त गोळी. ती घेतली आणि धावण्या-पोहण्यापासून लांब राहिलं, तर बहुतेक माणसं म्हातारी होऊन मरतात. आता राहिला होता एकच माणूस: मंजूचा धाकटा भाऊ प्रीतम. दोष त्याच्यात असण्याची शक्यता निम्मी. आणि प्रीतम वर्षभर रोज पहाटे धावत होता, कारण त्याला पोलिसांच्या सिपाही भरतीत उतरायचं होतं.

प्रीतम एकदा आला होता. म्हणजे फाटकापर्यंत आला होता. फाटकाशेजारच्या पानवाल्यानं त्याला खालून वर न्याहाळलं, डोळा मारला आणि म्हणाला, "शरमा मत बेटा, सही उमर में आ गया." प्रीतम तिथूनच परतला. दुसऱ्या दिवशी मैदानावर पोट्टे त्याला 'खानदानी' म्हणू लागले.

आम्रपालीनं बोर्ड उतरवायला सांगितला. मोतीलालजी म्हणाले, बोर्डामुळेच तर गर्दी आहे. तिनं त्यावर पल्स पोलिओचं जुनं बॅनर टांगलं. आता गमछावाले बॅनर वर करून, खात्री करून आत येऊ लागले. तिनं प्रीतमला फोन केले. त्यानं नंबर ब्लॉक केला. मग तिनं गीता सिस्टरच्या फोनवरून केला.

"प्रीतम, पाच मिनिटांचं काम आहे. मी घरी मशीन घेऊन येते."

"घरी तं बिलकुल नोका येऊ, मॅडम. मंजूचं लग्न व्हाचं आहे."

"अरे, तुझ्या जिवाचा प्रश्न आहे."

"मले काई नाई झालं. तुमच्या मशीनमंदी काई निंघालं तं भरतीवाले मले काढतीन. मंग मी काय करू? गमछा इकू?"

फोन बंद.

डोमाजी म्हणाला, "एक डाव भरती होऊ द्या, मंग म्याच आनतो त्याले कान धरून." आम्रपाली भरतीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे गेली. नाव घेता येत नव्हतं. एका पेशंटची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला सांगायची नाही, हा केंद्राचा पहिला नियम होता आणि तो तिनंच लिहिला होता. तिनं नुसतं विचारलं, धावण्याआधी सगळ्या पोरांचा ईसीजी काढता येईल का? तो भला माणूस होता. त्यानं तिला चहा पाजला. "मैडम, लड़का खुद बोले तो रोक दूँ. नहीं तो रोकने का कॉलम ही नहीं है." आणि खरंच कॉलम नव्हता, त्यानं कागद फिरवून दाखवला.

भरतीच्या सकाळी आम्रपाली ऑटोनं मैदानावर पोचली. सोबत गीता सिस्टर, मांडीवर ईसीजी मशीन, आणि सत्यभामाबाई. त्या स्वतःच आल्या होत्या, पहिल्या बसनं, घरी न सांगता.

काय बोलायचं हे आम्रपालीनं रस्ताभर घोकलं होतं. हळू, समजावून. मैदानाच्या कडेला छातीवर नंबर लावलेली पोरं पाय मोकळे करत होती. त्यातल्या एकानं तिला पाहिलं आणि प्रीतमला कोपर मारलं. "अबे, तुही खानदानीवाली आली, बे! मशीन घेऊन आली!"

प्रीतमनं वळून पाहिलं, आणि तो पळाला.

आम्रपाली त्याच्या मागं पळाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. मैदानाच्या कडेकडेनं पुढे प्रीतम, मागं डॉक्टरीन बाई, तिच्या मागं मशीन छातीशी धरलेली गीता सिस्टर. पोरं शिट्ट्या वाजवू लागली. "भाग खानदानी, भाग!" बाई जवळ आली की तो वेग वाढवी. अर्धा वळसा झाला तेव्हा कुठं आम्रपालीच्या डोक्यात उजेड पडला. ज्याला पळू द्यायचं नाही, त्याला ती स्वतःच पळवत होती. थांब म्हणून ओरडायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. भीतीनं दचकून त्याचं काही झालं असतं तर?

ती जागच्या जागी थांबली. गीता सिस्टर येऊन तिच्यावर आदळल्या. पलीकडे प्रीतमही थांबला, कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागला. आम्रपाली त्याच्याकडे बघत राहिली. एवढं शिकून, एवढं पद घेऊन तिला आता एकच गोष्ट करता येत होती: न हलणं. त्याची छाती वरखाली होत होती. अजून होत होती. पुढच्या श्वासाची ती वाट पाहत होती, मग त्याच्या पुढच्या.

शिट्टी झाली. प्रीतमच्या बॅचला चुन्यानं आखलेल्या सुरुवातीच्या रेषेवर बोलावलं. तो तिच्याकडे न बघता गेला.

आणि रेषेवर, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेत, सत्यभामाबाई जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी कासोटा घातला. चपला काढून बाजूला ठेवल्या.

शिट्टीवाला हवालदार गोंधळला. "अम्मा, ये पुरुष वर्ग है."

"माहा पोट्टा आहे ह्या वर्गात."

"अम्मा, बाहर जाओ."

"जातो ना. तो गेला का जातो."

पोरं हसायला लागली. प्रीतमचा चेहरा लाल झाला. "माय, तू काहून आली इथं? हट ना तिकडं!"

"पळ तू. मीबी पळतो तुयासंग."

"तुले मॅडमनं पळू नोको म्हटलं ना!"

"तुलेबी म्हणूनच राह्यली ते."

"मले काई नाई झालं, माय!"

"मलेबी काई नवतं झालं. अंकितलेबी नवतं झालं." त्यांनी पदर कमरेला खोचला. "तो तं एकटाच गेलता. तू एकटा नोको जाऊ. चाल."

आणि त्या शिट्टीची वाट न बघता पळू लागल्या. पन्नाशीची बाई, अनवाणी, दोन्ही हात विचित्र वर धरून, मोकळ्या मैदानात एकटीच. गोळ्या सुरू होत्या, तरी पळणं धोक्याचंच होतं. पोरांचं हसणं वाढलं. मग प्रीतम रेषेवरून सुटला. त्यानं आईला गाठलं आणि मागून कवटाळलं. दोघंही धुळीत बसले. त्यानं तिच्या गळ्यापाशी, छातीशी चाचपून पाहिलं. नाडी कुठं असते हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो सगळीकडे हात लावत होता.

"माय! माय, बोल ना! दुखून राह्यलं का?"

"आता तू काढ ते मशीन," त्या धापा टाकत म्हणाल्या. "नाई तं मी उठतो अन् पुन्ना पळतो."

ईसीजी ऑटोत काढला. दुसरी जागा नव्हती. प्रीतम मागच्या सीटवर आडवा, पाय बाहेर लोंबकळलेले, आणि त्या पायांकडे बघत सगळी बॅच उभी. ऑटोवाल्यानं मान वळवून विचारलं, मीटर चालू ठेवू का. आम्रपालीनं ईसीजीची कागदी पट्टी हातात घेतली. मोजलं. ठोक्यांचा वेग धरून पुन्हा मोजलं. गीता सिस्टरनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि प्रीतमच्या हातापायांना लावलेले मशीनचे चिमटे सोडवायला सुरुवात केली.

"सांगा ना, मॅडम," प्रीतम म्हणाला.

"तुझ्या आईसारखंच आहे."

"आत्ताच पळलो म्हणून असन."

"ते धरून मोजलंय. उद्या पुन्हा काढू, परवा काढू, तू म्हणशील तितक्या वेळा काढू. गोळी आजपासून सुरू. पण पळायचं नाही, प्रीतम."

"आठशे मीटर हाय फकत. आजच्या पुरतं." त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "मॅडम, एक डाव. मंग जनमभर नाई पळत. तुमची शपथ."

आम्रपालीनं नाही म्हणून मान हलवली.

तो शर्टाच्या गुंड्या लावू लागला. त्या जुळत नव्हत्या. एक खाली, एक वर. सत्यभामाबाईंनी त्या सोडून पुन्हा लावल्या.

मैदानावर बॅच पुन्हा रेषेवर आली होती. हवालदार नंबर पुकारत होता, एकेक पोरगा हात वर करत होता. मग प्रीतमचा नंबर आला. ऑटोत बसल्या बसल्या त्याचा हात आपसूक वर गेला. सत्यभामाबाईंनी तो खाली ओढला आणि दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरला.

हवालदारानं आणखी दोनदा पुकारलं.