वहीतला बाण

“पाचवा निघाला,” अलफिया म्हणाली आणि हॉलच्या दाराबाहेर चपला नको तितक्या नीट लावत बसली.

“मग? पाचवा तर तुझा तोंडपाठ!” तिला तायक्वांदो शिकवणारी दर्शना म्हणाली.

“कसला तोंडपाठ, मॅडम,” अलफियाची आई कौसर उंबऱ्याबाहेरूनच बोलली. “नापास झाली. विचारलं तर म्हनते, मधेच विसरले. तीन वर्षं रोज संध्याकाळची येते आनि ऐन वेळेला विसरते? आता दहावीचं वर्ष. हिच्या अब्बांनी कुवेतवरून सांगितलानी, झाली तेवढी उडीमारी बास. हे तुमचं छातीचं गार्ड. ठेवून घ्या.”

आदल्या दिवशी चिपळूणला ब्लॅक बेल्टची परीक्षा झाली होती. तायक्वांदोत पूमसे म्हणजे ब्लॉक, ठोसे आणि किक यांचा ठरलेला क्रम, एकट्याने करायचा. असे आठ पूमसे. त्यांतला कोणता करायचा ते परीक्षेत चिठ्ठी काढून ठरतं.

कौसर स्कूटर वळवायला गेली तशी दर्शनाने अलफियाला खांबाआड घेतलं.

“खरं सांग गो. विसरलीस?”

“नाय.”

“मग?”

“मधलं वळण वहीत आहे तसं घेतलं. परीक्षकांनी थांबवलं. म्हणाले, हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, कोणी नाय, मीच विसरले.”

दर्शनाला पंधरा दिवसांपूर्वीची संध्याकाळ आठवली. अलफिया मोबाइल घेऊन आली होती. व्हिडिओत हे वळण वेगळं आहे, म्हणाली होती. दर्शनाने स्क्रीनकडे नीट पाहिलंही नव्हतं. “मोबाइलवर उद्या कोणी हातांवर चालून दाखवील. तू चालशील? वहीत आहे ते कर.” सगळा वर्ग हसला होता.

ही वही म्हणजे चौतीस पानांची स्पायरल बांधलेली झेरॉक्स. दर्शना कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तिथल्या सवयीने तिने प्रत्येक पूमसे आलेख कागदावर मांडला होता: पावलांचे ठसे, त्यांना आकडे, वळणांना बाण आणि शेजारी मराठीत सूचना. मुलांना समजेल असं दुसरं काही मिळत नव्हतं. मालगुंडच्या आणि दापोलीच्या वर्गांतही हीच वही चाले. एकोणीस वर्षांत तिने तीत खाडाखोड केली नव्हती.

घरी आल्यावर तिने आधी व्हिडिओ पाहिला. एक, मग दुसरा, मग सहा. सगळीकडे डावा पाय पाठीमागून फिरत होता, डावीकडून पाऊण गिरकी. वहीत तोच पाय पुढून आडवा पडत होता, उजवीकडे पाव गिरकी. दोन्हींत शेवटी तोंड त्याच दिशेला, पाय त्याच जागी. ठसे बरोबर होते. फक्त पाय तिथवर कसा पोचला, ते चुकलं होतं.

मग तिने कपाटातून मूळ कागद काढले. तिला शिकवणारे सर बँकेत होते. चौथा पूमसे झाला आणि त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी उरलेल्या चारांचे झेरॉक्स दिले. पाचव्याच्या कागदाला मधोमध घडी होती, आणि घडीवरची शाई उडालेली. तिथला बाण तिने स्वतः, निळ्या पेनाने काढला होता. जवळची वाट कोणती, ते बघून.

ब्लॅक बेल्टच्या आधीच्या, रंगीत पट्ट्यांच्या परीक्षा ती स्वतःच घेई. जो पाय पुढून टाकी त्याला पूर्ण गुण. पाठीमागून फिरवणाऱ्या एकदोघांचे तिने कापलेही होते. ब्लॅक बेल्टला तिच्या वेळी सहावा निघाला, तिच्या वर्गातल्या दोन मुलींच्या वेळी तिसरा आणि आठवा; पाचवा कधी निघालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती राजिवड्यात कौसरकडे गेली. कौसर मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती.

“अलफिया विसरली नाही,” दर्शना उभ्यानेच म्हणाली. “मी चुकीचं शिकवलं. तिला बरोबर माहीत होतं, तिने मला दाखवलंही होतं. मीच गप्प केलं.”

कौसरची सुरी थांबली. “म्हंजे माझ्याशी खोटं बोलली पोरगी.”

“माझ्यासाठी बोलली.”

“तुमी सांगितलं नसतं तर मला कुठं कळनार होतं?”

“म्हणूनच आले. तिच्या नावावर नको ते. तिला पुन्हा बसू द्या. डिसेंबरात आहे परीक्षा.”

कौसरने पुढचा बांगडा घेतला, पोट चिरलं, पाण्याखाली धरला. “तिच्या अब्बांना मी सांगेन कायतरी,” ती म्हणाली. “येईल ती. पन मॅडम, वही नको आता. मोबाइल बघूनच शिकू दे.”

दर्शनाने मान हलवली. गार्ड तिने सोबत आणलं होतं, ते पडवीच्या कठड्यावर ठेवलं.

संध्याकाळी तिने सगळ्यांना वह्या काढायला लावल्या. “पान एकवीस. मधल्या वळणावरचा बाण खोडा. तो चुकलाय. मी चुकवलाय.”

सगळ्यांनी पेनं काढली. मग ओमकार म्हणाला, “मॅडम, मग आमचे पट्टे परत घेनार काय?”

“घेतले तर माझा पहिला घ्यावा लागेल,” दर्शना म्हणाली. कोणी तरी हसलं, पण हसू पसरलं नाही. “अलफिया, तू पुढे उभी राहा. पाठ आमच्याकडे कर, म्हणजे डावं-उजवं उलटं व्हायचं नाही.”

ती स्वतः शेवटच्या रांगेत गेली. शेजारी निळ्या पट्ट्याची दहा वर्षांची मनस्वी होती.

अलफियाचा पहिला हुकूम मागच्या रांगेपर्यंत पोचलाच नाही, दुसरा पोचला. पावलं पडू लागली. मधलं वळण आलं, अलफिया डावीकडून पाठीमागे फिरली आणि दर्शनाचा पाय, मनात बरोबर असताना, पुढून आडवा पडला.

“परत,” अलफिया म्हणाली. ती कोणाकडेच बघत नव्हती.

दर्शना मूळ जागी आली. मनस्वी मान वळवून तिच्या पायांकडे टक लावून बघत होती, रोज बघायची तशी.

“माझ्याकडे नको बघू,” दर्शना हळूच म्हणाली. “पुढे बघ.”