शून्य न घेणारी चौकट

व्हर्नने लांब दांड्याचा पाना रस्त्याकडेच्या, आगीच्या बंबाला पाणी पुरवणाऱ्या नळाच्या माथ्यावर बसवला आणि अंगाचा सगळा भार टाकून फिरवला. आतून घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला, आणि बस्स. पाण्याचा थेंब नाही. त्याने आणखी चार आटे फिरवले, मग पाना काढून खांद्यावर टाकला.

मारित काउप्पी त्याच्या शेजारी गुडघाभर बर्फात उभी होती. तिच्या हातातल्या टॅब्लेटवर हाच नळ हिरवागार दिसत होता. तपासणी पूर्ण. दाब साठ.

मारित शहराच्या माहिती विभागाची प्रमुख होती. कुठल्या रस्त्यावरचा बर्फ कधी उपसला, कुठल्या नळाला किती दाब, असे सगळे आकडे नगर परिषदेपुढे जायचे ते तिच्या सहीने. पश्चिम टेकडीवरच्या एकशे अठरा नळांचा दाब बरोबर साठ आहे, हे काल तिच्या लक्षात आलं होतं. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही. पाणी इतकं आज्ञाधारक नसतं. म्हणून आज ती पाणीखात्याच्या मुकादमाला, व्हर्न सोबचाकला, घेऊन स्वतः आली होती.

समोरच्या घरातून इर्मा फावडं घेऊन बाहेर आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सगळा जन्म शाळेची बस चालवलेली. या शहरात लोक दारातला नळ दत्तक घेतात, त्याला नाव ठेवतात आणि प्रत्येक हिमवर्षावानंतर तो उकरून मोकळा करतात. इर्माने आपल्या नळाला दिवंगत नवऱ्याचं नाव दिलं होतं. तोही असाच दारात उभा राहायचा आणि तोंड उघडायचा नाही, असं ती सांगायची.

"काय गं पोरी, आमचा एल्मर बरा आहे ना?"

मारितने व्हर्नकडे पाहिलं. व्हर्न ट्रकमध्ये पाना ठेवत होता, आणि एक पाना ठेवायला त्याला फारच वेळ लागत होता.

"तपासतोय," मारित म्हणाली.

"तपासा, तपासा. उद्या परिषद आमच्या टेकडीवरचा बंब हलवणार म्हणे, तळ्याकाठी. म्हटलं जाऊ दे. नळ तर दारात आहे."

बंब हलवायच्या ठरावाला मोठा आधार मारितच्याच नकाशाचा होता. टेकडीवर सगळीकडे भरपूर दाब आहे, तेव्हा बंब चार मिनिटं उशिरा आला तरी चालेल, असा तो हिशेब. पण मारित इर्माकडे बघून नुसती हसली. त्या हसण्याची तिला ट्रकमध्ये बसेपर्यंत लाज वाटत होती.

ट्रकमध्ये तिने दार ओढून घेतलं.

"साठ कोणी टाकलं, व्हर्न?"

"मी. माझ्या माणसांनी. सगळ्यांनीच."

"नळ बंद असताना?"

"बंद असला की काय टाकायचं, मॅडम? तुम्हीच टाकून दाखवा."

तिने फॉर्म उघडला आणि दाबाच्या चौकटीत शून्य टाकलं. लाल अक्षरं उमटली : चुकीचा आकडा. चौकट रिकामी ठेवली, तर 'पुढे' हे बटणच दाबेना.

"तीस ते एकशे वीस. त्याच्या खाली नाही, वर नाही," व्हर्न म्हणाला. "आणि या नळाची नोंद पुरी झाली नाही तर पुढच्या नळाचा फॉर्म उघडत नाही. उणे वीसमध्ये बोटं गळायला आलेली असतात. पोरं साठ टाकतात आणि सुटतात."

"ऑफिसला कळवायचं होतं."

"कळवलं की. दोनदा फोन केला. फॉर्ममधूनच कळवा म्हणाले."

मारितने टॅब्लेट मांडीवर पालथा घातला. ती मर्यादा तिनेच घातलेली होती. तीन वर्षांपूर्वी हे पद मिळालं तेव्हा शहराच्या नोंदी म्हणजे नुसता गोंधळ होता : अर्ध्या रिकाम्या, अर्ध्या चुकलेल्या, कुठे सहाऐवजी सहाशे. तिने नियम केला होता की एकही चौकट रिकामी राहणार नाही आणि एकही वेडावाकडा आकडा आत येणार नाही. नोंदी शंभर टक्के पूर्ण, म्हणून राज्याने तिला मानपत्र दिलं होतं. ते तिच्या खुर्चीमागे टांगलेलं होतं.

दुपारी तिने कॉर्डेलला सगळं सांगितलं. तो शहराचा प्रशासक, तिचा साहेब. माणूस वाईट नव्हता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"सरकारी नोंदीत खोटे आकडे म्हणजे गुन्हा आहे, मारित. पाणीखात्याची चौकशी लाव. ठराव पुढे ढकलू, आणि तुझ्या विभागावर शिंतोडाही उडणार नाही."

"व्हर्नला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत."

"मग त्याने ते साठ टाकताना आठवायला हवं होतं."

"शून्य मीच बंद केलं होतं, कॉर्डेल."

"ते कोण बघायला जातंय?"

कोणीच नसतं गेलं. मारितलाही ते ठाऊक होतं. दार उघडायला उठताना तिने खुर्ची नको इतक्या काळजीने आत सरकवली.

गुरुवारी परिषदेत नकाशा पडद्यावर आला, तेव्हा पश्चिम टेकडी हिरवी नव्हती. एकशे अठरा ठिपके राखाडी होते.

"हे काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"यांच्याबद्दल आपल्याला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? गेल्या महिन्यात तुम्हीच सही करून दिलंत ना, सगळं ठीक आहे म्हणून?"

"हो. माझ्या फॉर्ममध्ये शून्य टाकता येत नव्हतं. खरं सांगायला मी माणसांना जागाच ठेवली नव्हती. त्यांनी मला जे चालेल ते सांगितलं. ही चूक माझी आहे, आणि तसं मी लेखी दिलंय."

कोणीतरी मागे हसलं. ठराव वसंतापर्यंत लांबणीवर पडला. कॉर्डेल जाताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी सकाळी माझ्याकडे ये." खुर्ची राहील की जाईल, ते सोमवारी कळणार होतं.

शुक्रवारी रात्रभर बर्फ पडला. शनिवारी सकाळी मारित टेकडीवर गेली, तेव्हा इर्मा नळाभोवतीचा बर्फ उपसत होती. नळाच्या गळ्यात आता काळं कडं होतं. पाणीखातं बंद नळाला घालतं ते.

"इर्मा, राहू दे. नळ बंद आहे. बुधवारीच सांगायला हवं होतं मी. जीभ रेटली नाही."

इर्माने फावडं बर्फात रोवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"कधीपासून?"

"तीन हिवाळे."

म्हातारीने त्या काळ्या कड्याकडे पाहिलं.

"तो व्हर्न आधी थांबायचा," ती म्हणाली. "कॉफी प्यायचा, एल्मरच्या गोष्टी ऐकायचा. मग थांबेनासा झाला. मी उपसत असले की नुसता हॉर्न वाजवून जायचा. मला वाटायचं, शाबासकी देतोय. तीन हिवाळे मी हात हलवला त्याला."

मारितने पुढे होऊन इर्माच्या हातातलं फावडं घेतलं. इर्माने ते सोडलं, पण घरात गेली नाही. मारित उपसत राहिली. दुरुस्तीला येणाऱ्यांनाही नळ सापडायला हवाच होता.

वळणावरून पाणीखात्याचा ट्रक वर आला. व्हर्नने हॉर्न वाजवला नाही. ट्रक नळापाशी थांबला, इंजिन बंद झालं, पण दार बराच वेळ उघडलं नाही.

"कॉफी ठेवते," इर्मा म्हणाली आणि आत गेली. किती कप, ते तिने सांगितलं नाही.