खालीची मात्रा

जयवंतानं बाज ओढून भिंतीला लावली, चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली आणि पदर कमरेला खोचला. गांधीबागेतल्या कापडदुकानामागची ती एकच खोली. पण बाज सरकली की मधे दोन माणसं फिरतील एवढी फरशी मोकळी व्हायची. खुर्चीत बसलेल्या रुपरावांनी तोंडावरचा दुपट्टा आणखी वर ओढला. बायकोच्या मनात काय आहे हे त्यांनी ओळखलं होतं, आणि ओळखलंय हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

ऐन लग्नसराईत त्यांना लकवा मारला. तोंड वाकडं झालं, डावी बाजू गेली. ज्या ओठांनी आधी पलटणीच्या बँडात आणि मग नागपुरातल्या वरातींत ट्रंपेट वाजवलं, त्या ओठांत आता चहाचा घोटही टिकेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, पाय मेलेला नाही, नुसता झोपलाय. उठवला नाही तर मग कधीच उठणार नाही. रुपराव उठत नव्हते. बायकोच्या खांद्यावर टेकून दुकानासमोरून फरफटत जाणारा फौजी लोकांना दिसण्यापेक्षा खुर्ची बरी, असं त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण जयवंताला ते ऐकू आलं होतं.

म्हणून तिनं नत्थूजींना बोलावून घेतलं होतं. ते त्याच पलटणीत ड्रम वाजवायचे. आता उंबऱ्याजवळ मांडी घालून, बिस्किटांचा रिकामा डबा पुढ्यात उपडा घेऊन ते बसले होते.

रुपराव आणि ते मिळूनच काँगोला गेले होते, एकसष्ट साली, शांतिसेनेबरोबर. दिवसा पहारा आणि परेड. सुट्टीच्या संध्याकाळी शहरात जावं, तर झाडाखाली गिटार आणि ढोल घेऊन माणसं बसलेली असायची आणि जोडपी अशी नाचायची की पाय वाजायचाच नाही. रुपराव मूळचे खापा गावचे, भीमगीतांच्या मंडळात ढोलकी वाजवत लहानाचे मोठे झालेले. त्यांच्या कानानं तो ठेका पायाच्या आधी उचलला. पुढं पुढं तर ते ट्रंपेट घेऊन त्या लोकांतच बसू लागले, त्यांच्यातच नाचू लागले. तिकडे त्या नाचाला कुणी रुंबा म्हणायचं, कुणी चा-चा. आता विलायतेत त्यातल्याच कशाला तरी साल्सा म्हणतात, असं नत्थूजींचा भाचा परवा सांगत होता. जयवंतासाठी तो काँगोचा नाच.

तो तिला मिळाला खाप्याच्या घरात, भर दुपारी. सासू-सासरे वावरात गेलेले, तान्ही प्रेमिला पाळण्यात झोपलेली, दाराला आतून कडी. नवरा सुट्टीवर आलेला. सून नवऱ्याचा हात धरून नाचते हे बाहेर कळलं असतं तर मोहल्ल्याला वर्षभर विषय पुरला असता. तिच्या हातांना लसणाचा वास, त्याच्या अंगात नुसती बनियन. तो ओठ मिटून ट्रंपेटची धून गुणगुणायचा आणि तिच्या कानाशी मोजायचा, एक, दोन, तीन, खाली. पाळणा करकरला की दोघं जागच्या जागी थिजायची. पोर पुन्हा झोपली की पुन्हा, एक, दोन, तीन, खाली. पुढच्या प्रत्येक सुट्टीत ती त्या दुपारींची वाट बघायची. संसारात इतर कुणाला वाटा द्यावा लागला नाही असं तिच्याजवळ तेवढंच होतं.

ती खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"चालू नका तुमी," ती म्हणाली. "नाचा."

रुपरावांनी नत्थूजींकडे पाहिलं.

"मायाकडे काय पायतं गा?" नत्थूजी म्हणाले. "मी तं डब्बा वाजवाले आलो."

दुपट्ट्याआड काहीतरी हललं. हसू असावं. तिनं त्यांचा डावा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला, उजवा त्यांनी स्वतः ठेवला, आणि सगळा भार तिच्यावर टाकून ते उभे राहिले. दुपट्टा गळून पडला. त्यांनी मान वळवली. तिनंही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. डबा वाजू लागला. उजवा पाय जरासा पुढं जाई, मागं येई. डावा फरशीत रोवल्यासारखा. वाकड्या तोंडातून शब्द ओघळत होते, एक, दोन, तीन, खाली.

डबा एकदम थांबला.

"वयनी, दरवेळी जमिनीकडे काय पायता वं? काही पडलं का?"

"हेच तं म्हणतात, खाली."

नत्थूजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अवं, ते खाली नाही. ढोलकीतली खाली. रिकामी मात्रा. तिथं पाय टाकाचा नाही, थांबाचं. तुमाले काय वाटलं, खाली पाहाचं?"

जयवंताच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सुनेनं नजर खाली ठेवायची, त्यात विचारण्यासारखं काय होतं? ती इतकी वर्षं दर चौथ्या मात्रेला मान झुकवत आली होती. रुपराव खिडकीकडे बघत होते.

"तुमाले मालूम होतं?"

"मालूम... होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

शब्द जुळवायला त्यांना कष्ट पडत होते. जीभ एकीकडे, ओठ दुसरीकडे.

"तू खाली पाये... तवा मले तुयाकडे... पाह्यता ये."

नत्थूजींना डब्याच्या बुडाशी एकाएकी काहीतरी तपासायचं निघालं.

भरल्या घरात कधी धड डोळ्याला डोळा न दिलेला हा तिचा नवरा. तेवढ्या रिकाम्या जागेत त्यानं काय काय पाहून घेतलं असेल, कोण जाणे. तिनं त्यांच्या कमरेला घातलेला हात घट्ट केला.

"वाजवा भाऊजी."

एक. दोन. तीन. 'खाली' या वेळी कुणीच म्हटलं नाही. तिनं मान झुकवली, जाणूनबुजून, आणि मात्रा सरली तरी झुकलेलीच ठेवली. आपल्या भांगावर त्यांची नजर तिला उन्हासारखी जाणवत होती. पुढचं आवर्तन आलं, त्याच्या पुढचं आलं. ती फरशी बघत राहिली.

म्हणून तिलाच आधी दिसलं. डाव्या पायाचा अंगठा थरथरला. टाच फरशीपासून सुटली, आणि ते पाऊल उचलून पुढं आलं, नेमकं रिकाम्या मात्रेवर, जिथं टाकायचं नसतं तिथं.

नत्थूजींच्या कानानं ते टिपलं. बोटं अडखळली, चूक सांगायला तोंड उघडलं. जयवंतानं मान वर न करता ती फक्त हळूच हलवली, नाही.

नत्थूजींनी तोंड मिटलं, आणि ठेका अलगद सरकवून त्या पावलाखाली आणला.